फोटो हलला, की फोकस चुकला?

नवा कॅमेरा घरात आला की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘एवढे पैसे घातले, पण याच्यापेक्षा मोबाइलचे फोटो बरे येतात.’ तक्रार खोटी नसते. मोबाइलचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, त्यामुळे समोरच्या जास्वंदीपासून मागच्या डोंगरापर्यंत जवळजवळ सगळंच एका वेळी फोकसमध्ये राहतं. शिवाय एका टिचकीत तो अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, कडा उठावदार करतो आणि तयार फोटो हातात देतो. कॅमेरा यातलं फारसं काही परस्पर करत नाही. त्याचा सेन्सर कितीतरी मोठा, म्हणून फोकसची जागा अरुंद. आणि हाताची थरथर, बोटाचा धक्का, काचेवरचा डाग, हे सगळं तो जसंच्या तसं नोंदवून ठेवतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो लेन्स बदलण्याचा. तो ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स एफ/८ला (एफचा आकडा लेन्समधल्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा; आकडा जितका मोठा, छिद्र तितकं लहान) इतकी शार्प असते की त्या फोटोची ए-३ आकाराची प्रिंट बिनदिक्कत भिंतीवर लावावी. दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो, आणि तो कुठे आहे हे फोटोतच लिहिलेलं असतं. फक्त फोटो पूर्ण मोठा करून, म्हणजे १०० टक्क्यांवर नेऊन, शांतपणे वाचायला हवा.

रात्रीचा रस्ता हा वाचायला शिकण्यासाठी उत्तम धडा आहे. गच्चीवरून रस्त्यावरच्या दिव्यांचा एक फोटो काढा आणि मोठा करून एकेक दिवा बघा. दिव्यांच्या अळ्या झाल्या असतील आणि सगळ्या अळ्या एकाच वळणाच्या असतील, तर कॅमेरा हलला. दिव्यांचे गोल बताशे झाले असतील, तर फोकस चुकला. दिवे ठिपक्यासारखे नेटके आहेत पण रिक्षा आणि माणसं फरफटल्यासारखी दिसतात, तर कॅमेरा स्थिर होता, समोरचं जग हललं. आणि प्रत्येक दिव्याभोवती पावसाळी चंद्राला पडतं तसं खळं असेल, तर काच मळलेली आहे किंवा तिच्यावर वाफ धरली आहे. आपण या चारही प्रकारांना ‘फोटो ब्लर आला’ एवढंच म्हणतो, आणि म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतो. हललेल्या फोटोसाठी फोकसचा मोड बदलणं किंवा फोकस चुकलेल्या फोटोसाठी ट्रायपॉड विकत घेणं, दोन्ही वाया.

दिवसाच्या फोटोतही हीच खूण शोधायची. डोळ्यातली चमक, भांड्यावरची तिरीप, पानावरचा पाण्याचा थेंब, असा कुठला तरी प्रकाशाचा बिंदू बहुतेक फोटोंत सापडतोच. तो ताणला गेलाय की फुगलाय, एवढं बघायचं. आणखी एक: माणसाचा चेहरा मऊ दिसत असेल तर आधी त्याच्या पुढे-मागे नजर टाका. कानामागचे केस किंवा मागच्या खुर्चीचं वेताचं विणकाम लख्ख दिसत असेल तर कॅमेरा हललेलाच नाही. त्याने फोकस तिथे नेऊन ठेवला, इतकंच.

आता हललेला फोटो. नवख्या हातांत सर्वाधिक फोटो यातच जातात, आणि का जातात हे आकड्यांत पाहिलं की पटतं. २४ मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी आकाराच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर २३.५ मिलिमीटर रुंदीत ६,००० पिक्सेल बसवलेले असतात. म्हणजे एक पिक्सेल चार मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंचित लहान. माणसाचा केस याच्या दहा-वीस पट जाड असतो. २०० मिमीची लेन्स लावून शटर उघडं असताना कॅमेरा एका अंशाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा जरी फिरला, तरी प्रतिमा एक पिक्सेल सरकते. १८ मिमीला तेवढंच सरकायला साधारण ऐंशीवा भाग लागतो. म्हणून झूम वाढवला की थरथर वाढल्यासारखी वाटते. हात तोच असतो, लेन्स त्याची थरथर मोठी करून दाखवते.

फिल्मच्या काळापासून चालत आलेला हिशेब असा: फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, जितकी, निदान सेकंदाच्या तेवढ्याव्या भागाइतका वेगवान शटर हवा. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. एपीएस-सी सेन्सरवर ही संख्या दीडपट धरायची, कॅननच्या बाबतीत १.६ पट. म्हणजे ५० मिमीला १/८० आणि २०० मिमीला १/३२०. आजचे पिक्सेल इतके बारीक आहेत की १०० टक्क्यांवर बघणाऱ्याने याच्याही दुप्पट वेग धरावा. हा हिशेब दर फोटोला मनात करायची गरज नाही. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता; ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिथे १/२०० टाका, आयएसओची कमाल मर्यादा ६४०० ठेवा, मोड ॲपर्चर प्रायॉरिटीचा (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) ठेवा: निकॉन आणि सोनीवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’. घरगुती फोटोंतला मोठा भाग एवढ्यानेच सुधारतो.

आयएसओ वाढवायला लोक उगीच घाबरतात. संध्याकाळी घरातल्या दिव्यांत एफ/४ला १/६० मिळवायचा तर आयएसओ ३२००च्या आसपास जावंच लागतं; मंगल कार्यालयाच्या झगमगाटात १६००ला १/१२५ मिळून जातो. आयएसओ १००वर हट्टाने बसून १/८ने काढलेला, सगळा फरफटलेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. ३२००चे रवाळ कण मात्र बरेचसे पुसता येतात, आणि प्रिंटमध्ये तर ते दिसतही नाहीत. रवा परवडला, पण फरफट नको.

कॅमेरा धरण्याची पद्धत कुणी मुद्दाम शिकवत नाही, म्हणून थोडं सविस्तर. डावा हात लेन्सच्या खाली, तळवा वर करून, वाटी धरावी तसा. वजन त्या तळव्यावर. बऱ्याच जणांची डावी बोटं कॅमेऱ्याच्या कडेला चिमटा काढल्यासारखी असतात, त्याने आधार मिळत नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, असेल तर तो भुवईला टेकवा, म्हणजे डोकं हा तिसरा आधार. श्वास अर्धा सोडून थांबा. बटण टोचायचं नाही. आधी अर्धं दाबून फोकस घ्या, अर्धा सेकंद थांबा म्हणजे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, स्थिरावतं, मग बोटाचं पेर हळूच जड करत न्या. वेग कमीच ठेवावा लागणार असेल तर सलग तीन फोटो घ्या. पहिल्यात बोट टेकल्याचा धक्का असतो, तिसऱ्यात उचलल्याचा. मधला बहुधा सर्वांत स्वच्छ निघतो.

स्टॅबिलायझेशन हे खरोखर मोठं वरदान आहे. तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) फायदा धरला तरी १/८०चं काम १/१०ला निभतं, देवळाचा अंधारा गाभाराही हातात कॅमेरा धरून टिपता येतो. पण ते सावरतं ते फक्त आपल्या हाताला. समोर पळणाऱ्या नातवंडाला ते थांबवू शकत नाही. जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलायझेशनची लेन्स ट्रायपॉडवर असेल तर ते बंद करावं, नाहीतर नसलेली थरथर शोधत त्यातलं भिंग स्वतःच हलत राहतं. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावायचा, मधला दांडा शक्यतो वर काढायचा नाही, पाय उघडताना वरचे जाड भाग आधी उघडायचे. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये आरसा उचलला जाण्याचाही एक धक्का असतो. तो १/३० ते एक सेकंद या पट्ट्यात सर्वाधिक जाणवतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, आरसा आधीच वर गेलेला असल्याने तिथे हा त्रास बराच कमी होतो.

जंगलात ट्रायपॉडचा उपयोग नाही. ताडोबात जिप्सीत बसलात तर बीन बॅग, म्हणजे कॅमेरा टेकवायची कापडी पिशवी, रिकामीच न्या आणि चंद्रपूरला पोचल्यावर तिच्यात दोन किलो तांदूळ भरा. गाडीच्या कठड्यावर त्यासारखा आधार नाही. वाघ दिसला की पहिली विनंती इंजिन बंद करण्याची करायची. चालू इंजिनाची थरथर कठड्यातून थेट लेन्सपर्यंत येते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून रोहित पक्षी टिपताना उलटं करायचं: कॅमेरा नावेच्या काठावर टेकवायचा नाही, हातात धरायचा, म्हणजे नावेची हालचाल अंग शोषून घेतं. उडत्या पक्ष्याला १/२०००, थव्याने उभे असतील तर १/८०० पुरे.

समोरचं हलणं म्हणजे नेमकं किती, याचाही हिशेब मांडता येतो. रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या पुढेमागे जातो. १/६०मध्ये तो दोन सेंटिमीटर सरकतो. उभा पूर्ण माणूस फ्रेममध्ये बसवला असेल तर हे दोन सेंटिमीटर म्हणजे चाळीसेक पिक्सेलची फरफट. १/२५०ला ती दहावर येते, १/५००ला पाचवर. म्हणून वारीच्या वाटेवर, सगळी दिंडी चालती असताना, १/५००च्या खाली येऊ नये. ढोल-ताशा पथकात तर एकाच माणसाच्या अंगावर तीन वेगवेगळे वेग असतात: चेहरा जवळजवळ स्थिर, खांदे डोलणारे आणि टिपरू धरलेला हात सुसाट. १/१०००ला सगळं गोठतं आणि ढोल वाजतोय की नुसता धरलाय ते कळेनासं होतं. १/१२५ला मात्र चेहरा रेखीव येतो आणि टिपरू पंख्याच्या पात्यासारखं पसरतं. सगळंच शार्प हवं असा आग्रह मला चुकीचा वाटतो. डोळे शार्प हवेत, बाकीचं त्या त्या क्षणाने ठरवावं.

फोकसची चूक बहुधा दुसऱ्या खरेदीबरोबर येते. किट लेन्सने ५५ मिमी, एफ/५.६ आणि तीन मीटर अंतर, अशा फोटोत साधारण ६५ सेंटिमीटर खोलीचा पट्टा शार्प राहतो. फोकस नाकावर बसला काय नि कानावर बसला काय, फरक कळत नाही. मग सगळे सांगतात म्हणून ५० मिमी एफ/१.८ घेतली जाते. लेन्स सुंदरच आहे. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर, एक मीटरवरून, एफ/१.८ला तो पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटर उरतो. पापण्या शार्प, कान विरघळलेला. फोकस घेतल्यावर उभ्या उभ्या आपलं अंग पुढेमागे झुलतं, तेवढंच पुरतं डोळा पट्ट्याबाहेर जायला.

यातच एक जुनी सवय नडते: मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस घ्यायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून फ्रेम लावायची. कॅमेरा १५ अंशांत वळला की एक मीटरवर फोकसची पातळी डोळ्याच्या जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर मागे जाऊन पडते. पट्टाच तीन सेंटिमीटरचा, त्यातला निम्माच त्या पातळीच्या पुढे. म्हणजे डोळा गेला. एफ/५.६ला ही सवय खपून जायची, इथे खपत नाही. फ्रेम आधी लावा आणि फोकसचा बिंदू डोळ्यावर सरकवा. किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर तिच्यावर सोपवा, ती या कामात माणसापेक्षा सरस आहे. एफ/२.८ला या, पट्टा साडेचार-पाच सेंटिमीटरचा होईल. सगळ्या क्षेत्रातून कॅमेऱ्यानेच बिंदू निवडायचा, हा नव्या कॅमेऱ्यात सुरू असलेला पर्याय माणसांच्या फोटोंसाठी बंद करावा, कारण जे सर्वांत जवळ आणि ठळक दिसतं तिकडे त्याचा ओढा असतो: हातातलं ओवाळणीचं ताट, पुढे आलेली फांदी, जाळीची खिडकी. स्थिर माणसाला सिंगल फोकस, हलणाऱ्याला कंटिन्युअस. निकॉन-सोनीवर ते एएफ-एस आणि एएफ-सी, कॅननवर वन शॉट आणि सर्व्हो.

दोन रांगांचा लग्नातला फोटो एफ/५.६ ते एफ/८ला, फोकस पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोळ्यांवर; शार्प पट्टा मागच्या बाजूला जास्त पसरतो.

आणि एक छोटी गोष्ट, जी कळायला काही जणांना वर्ष लागतं. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक दातेरी चाक असतं, चष्म्याच्या नंबरासाठी. पिशवीत घासून ते फिरतं आणि मग प्रत्येक दृश्य धूसर दिसतं, फोटो मात्र ठीक येतात. आत दिसणाऱ्या आकड्यांकडे बघत, ते खणखणीत दिसेपर्यंत चाक फिरवायचं. दृश्याकडे बघून फिरवू नये.

दिव्याभोवतीचं खळं सगळ्यांत सोप्या कारणाचं असतं. बोटाचा ठसा. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवायची, मगच मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे गोल पुसायचं. धुळीसकट पुसलं तर काच ओरखडते. लेन्सच्या रक्षणासाठी म्हणून लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर रात्रीच्या फोटोत दिव्यांची हिरवट भुतं उमटवतो. तो काढून तोच फोटो पुन्हा काढून बघावा. कोकणात, गोव्यात, मुंबईत एसीच्या खोलीतून बाहेर दमट हवेत आल्याबरोबर काचेवर वाफ धरते. पुसून ती जात नाही, पुन्हा धरते. खोलीतून निघण्यापूर्वी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बाहेर अर्धा तास तसाच ठेवायचा; वाफ पिशवीला धरते, लेन्सला नाही. पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५०च्या दरम्यान. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं.

एक खळं मात्र काचेवरचं नसतं. मे महिन्यात, ऊन चढल्यावर, तळ्यापलीकडे दोनशे मीटरवर बसलेली वाघीण कुठल्याही लेन्सने शार्प येत नाही. मधली तापलेली हवाच लहरत असते. तिथे पहाटेची फेरी हाच उपाय.

इतकं सगळं तपासूनही शंका उरली, तर लेन्सची परीक्षा घ्या, साधन घरातलंच. वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर चारही कोपऱ्यांना चिकटवा, सुरकुती राहू देऊ नका. बारीक टाइप कोपऱ्यापर्यंत भरलेला असतो, म्हणून हेच पान. ५० मिमीला सव्वा मीटर अंतरावर ट्रायपॉड. कॅमेरा भिंतीशी समांतर आहे का हे बघण्यासाठी पानाच्या मध्यावर छोटा आरसा सपाट धरा; आरशात स्वतःची लेन्स फ्रेमच्या बरोबर मध्ये दिसली की समांतर. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस, आणि मग तो हलवायचा नाही. सर्वांत मोठ्या ॲपर्चरपासून एफ/५.६, ८, ११, १६, २२ असे फोटो घ्या.

संगणकावर ओळीने लावून बघा. मोठ्या ॲपर्चरला मधल्या जाहिराती वाचता येतील, कोपऱ्यातल्या विरलेल्या असतील. एफ/८ला कोपरेही जुळून येतात. एफ/१६पासून सगळं पान एकसारखं मऊ व्हायला लागतं, एफ/२२ला तर उघड दिसतं. अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याचा हा परिणाम. एफ/८ला एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉनचा पडतो, एफ/२२ला ३०चा, आणि पिक्सेल तर चारचा. ‘जास्त शार्प हवं म्हणून एफ/२२’ हा सल्ला निसर्गचित्रं काढणाऱ्यांत अजूनही फिरतो. तो मानू नका, एफ/११ला थांबा.

पानाची एकच बाजू मऊ दिसली तर कॅमेरा उलटा, वरची बाजू खाली करून पुन्हा फोटो घ्या. पानाची तीच बाजू पुन्हा मऊ आली तर मांडणी तिरकी होती. पानाची दुसरी बाजू मऊ झाली, म्हणजे दोष फ्रेमच्या त्याच बाजूला चिकटून राहिला, तर लेन्समधलं भिंग सरकलेलं आहे. वॉरंटीची मुदत संपण्याआधी ते फोटो घेऊन दुकानात जा.

आणि शेवटची तपासणी फोटो दुसऱ्याच्या हातात पडतो तिथे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, नेहमीच थोडी मऊ दिसते. शार्पनिंग आपण करायचं असतं, १०० टक्क्यांवर बघत, केसांच्या कडेला पांढरी रेघ उमटायला लागली की एक पाऊल मागे. एवढं करून फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होऊन, दाबला जाऊन पोचतो आणि पलीकडून निरोप येतो, ‘जरा ब्लर आलाय.’ गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायचा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि अमेरिकेतल्या मावशीला पैठणीच्या पदरावरच्या मोराची चोचसुद्धा दोन बोटांनी मोठी करून बघता येते.